पेटी कुणाची, किल्ली कुणाकडे

बेंगळुरूच्या इंदिरानगरशेजारी असलेल्या एका संस्थेच्या सहकारी सोसायट्या चाळीस वर्षांपूर्वी मोडल्या. त्या पडझडीतून जे उरले, त्याला आज आपण बचत गट म्हणतो. गरिबांच्या विकासाचा निर्णय गरिबांच्याच हाती देणे म्हणजे नेमके काय, आणि ते इतके अवघड का जाते, याचा हा मागोवा.

इंदिरानगर हे नाव मराठी घरांत आता परके राहिलेले नाही. पुण्या-नाशकाचा, कोल्हापूरचा कुणी भाची नाहीतर पुतणी तिथे आयटीत असते. ‘हंड्रेड फीट रोड’वरच्या एखाद्या कॅफेतले फोटो ती घरच्या ग्रुपवर टाकते आणि घरभाड्याचा आकडा सांगून सगळ्यांची झोप उडवते. एके काळी ही एचएएलमधल्या आणि सैन्यातून निवृत्त झालेल्या अधिकाऱ्यांची शांत वसाहत होती. २०११च्या ऑक्टोबरात बेंगळुरूची पहिली मेट्रो बैयप्पनहळ्ळी ते एम. जी. रोड अशी धावली आणि तिचे एक स्थानक इंदिरानगरला आले. तोवर बंगल्यांच्या जागी दुकाने, हॉटेले आणि काचेची कार्यालये उभी राहू लागलीच होती.

बेंगळुरूतल्या अशा इमारतींच्या पाट्या आणि विटा ज्यांनी वाहिल्या, त्यांतले पुष्कळ मजूर कलबुर्गी, यादगीर, रायचूरकडचे. या कोरडवाहू पट्ट्याला आता कल्याण कर्नाटक म्हणतात. सोलापूर आणि धाराशिव जिल्ह्यांची शीव त्याला लागूनच आहे. आळंदसारख्या तालुक्यात कन्नडबरोबर मराठीही कानावर पडते. तुरीची काढणी झाली की इथली माणसे पुण्या-मुंबईची, हैदराबादची नाहीतर बेंगळुरूची वाट धरतात.

हंड्रेड फीट रोडने दक्षिणेकडे जात राहिले की डोम्लूर लागते. तिथल्या सर्व्हिस रोडवर ‘मायराडा’ या संस्थेचे मुख्य कार्यालय आहे. शेजारच्या झगमगाटात ते कुणाच्या नजरेत भरण्यासारखे नाही. ग्रामीण कर्जाची शिखर बँक असलेल्या नाबार्डच्या हिशोबाप्रमाणे मार्च २०२४अखेर देशात सुमारे १४४ लाख बचत गटांची बँकेत खाती होती आणि त्यांत ६५ हजार कोटी रुपयांच्या आसपास बचत होती. एवढ्या मोठ्या व्यवहाराचा एक महत्त्वाचा उगम या संस्थेच्या कामात सापडतो. तो एखाद्या तज्ज्ञ समितीच्या अहवालात नव्हता. संस्थेची एक योजना सपशेल फसली, तेव्हा गावातल्या माणसांनी काढलेली ती वाट होती.

तिबेटी वसाहतींपासून कोरडवाहू गावांपर्यंत

‘मायसोर रीसेटलमेंट अँड डेव्हलपमेंट एजन्सी’ या लांबलचक नावाची आद्याक्षरे म्हणजे मायराडा. संस्था स्थापन झाली १९६८ साली. तेव्हा राज्याचे नावही म्हैसूरच होते, कर्नाटक व्हायला १९७३ उजाडले. १९५९ नंतर भारतात आलेल्या तिबेटी निर्वासितांना म्हैसूर सरकारने बैलकुप्पे, मुंडगोड अशा ठिकाणी जमिनी दिल्या होत्या. (आपल्याकडे गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळची नॉर्ग्येलिंग वसाहत १९७२ची, त्याच काळातली.) जंगल साफ करून शेती उभी करणे, घरे, पाणी, शाळा, दवाखाना असे पुनर्वसनाचे सरळसोट काम होते. मायराडाचा जन्म या कामासाठी झाला.

ते आटोपत आले तेव्हा संस्थेपुढे प्रश्न होता, आता पुढे काय? सत्तरचे दशक संपता संपता ती दुष्काळी पट्ट्यातल्या गरिबांकडे वळली. १९८२ साली अलॉयशियस फर्नांडिस संस्थेचे प्रमुख झाले आणि पुढे पंचवीसहून अधिक वर्षे त्यांनी ती धुरा वाहिली. २००० साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या संस्थेच्या चुका त्यांनी स्वतःच लिहून ठेवल्या आहेत. स्वयंसेवी संस्थांच्या अहवालांत हे सहसा आढळत नाही.

त्या काळातले ग्रामीण कर्जाचे चित्र डोळ्यांसमोर आणायला हवे. १९६९ला बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५पासून प्रादेशिक ग्रामीण बँका निघाल्या, १९८२ला नाबार्ड आली. एकात्मिक ग्रामीण विकास योजनेतून दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला म्हैस, शेळ्या नाहीतर शिलाई मशीन अशी एखादी वस्तू अनुदान आणि कर्ज मिळून दिली जाई. ऐंशीच्या दशकात मंत्र्यांच्या हस्ते कर्जमेळावे भरत. कुणाला काय हवे ते वरती ठरे. एकच म्हैस दोन-तीन लाभार्थ्यांच्या नावावर दाखवल्याचे किस्से महाराष्ट्रातही कमी नाहीत. म्हैस भाकड निघाली, चारा मिळाला नाही, हप्ते थकले, आणि शेवटी निष्कर्ष काढला गेला की गरीब माणूस कर्ज बुडवतो.

सोसायटी मोडली तेव्हा

मायराडाने वेगळे काही केले नव्हते. गावागावांत मोठ्या सहकारी सोसायट्या काढल्या; एकेका सोसायटीत शंभराच्या वर सभासद. पैसा मायराडाकडून येई आणि सोसायटीमार्फत वाटला जाई. १९८४-८५च्या सुमाराला या सोसायट्या मोडकळीला आल्या. कारणे महाराष्ट्राला नवी नाहीत. कारभार एक-दोन वजनदार माणसांच्या हाती गेला होता, हिशोब कुणाला कळत नव्हता, आणि ज्याचा आवाज मोठा त्याला कर्ज आधी मिळत होते.

पुढे जे घडले ते मात्र नेहमीचे नव्हते. काही सभासद लहान लहान घोळक्यांनी मायराडाच्या कार्यकर्त्यांना येऊन भेटले. पैसे बुडवायचे नाहीत, फेडायचेच आहेत, पण सोसायटीत भरणार नाही, कारण ती एकाच माणसाच्या मुठीत आहे; तेव्हा पैसे मायराडानेच घ्यावेत, असे त्यांचे म्हणणे होते. बुडीत खात्यात गेलेली रक्कम आपल्या पायांनी परत येत होती. दुसरी एखादी संस्था असती तर तिने पावती फाडून विषय मिटवला असता. कार्यकर्त्यांनी पैसे घेतले नाहीत. तुम्ही आत्ता जे एकत्र आला आहात, त्या तुमच्यातच ते भरा आणि पुढे कुणाला द्यायचे ते तुम्हीच ठरवा, असे त्यांनी सुचवले.

तसे लहान गट बसू लागले. पंधरा-वीस माणसे, फार तर त्याहून थोडी जास्त. मायराडाने मग उलटा शोध सुरू केला: नेमकी हीच माणसे एकत्र का आली? सोसायटीच्या नोंदवहीत तर ती शंभरांत विखुरलेली होती. उत्तर गावातल्या माणसाला सहज सुचेल असे होते. कुणी एका गल्लीतले, कुणी एकाच प्रकारची मजुरी करणारे, कुणी एका मूळ गावाहून आलेले. अडल्यानडल्याला एकमेकांच्या दारात जाणारी, एकमेकांचे बरेवाईट ठाऊक असणारी ही माणसे होती. हा विश्वास संस्थेने निर्माण केला नव्हता. ती येण्याआधीच तो तिथे होता, फक्त तिला दिसला नव्हता. १९८६-८७पर्यंत मायराडाच्या कामाच्या भागात असे सुमारे तीनशे गट झाले. त्यांना तेव्हा ‘क्रेडिट मॅनेजमेंट ग्रुप’ म्हणत. ‘सेल्फ हेल्प ग्रुप’ हे नाव पुढे नाबार्डने रूढ केले.

बचत गटांबद्दल आपण जे बोलतो त्यात बचत, महिला, पापड-लोणची, कर्जफेडीची टक्केवारी हे सगळे येते. मुळातली गोष्ट सहसा निसटते. गट कार्यकर्त्याने पाडायचा नसतो. आधीपासून असलेला गट ओळखायचा असतो आणि मग त्याच्या मधून बाजूला व्हायचे असते. यादीतली पहिली वीस नावे घेऊन केलेल्या गटात आणि एकमेकींना निवडून बसलेल्या वीस जणींत कागदावर काही फरक दिसत नाही. फरक दिसतो तो पहिला हप्ता थकला की.

बैठकीत काय घडते

आपल्याकडे भिशी पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. ठरलेली रक्कम गोळा करायची, चिठ्ठी काढायची, जिचे नाव निघेल तिने उचलायची. भिशीत नशीब ठरवते किंवा पाळी ठरवते. बचत गटात गरज ठरवते, आणि ती गरज सगळ्यांसमोर मांडावी लागते. इथून पुढचे सारे या एका फरकातून येते.

नीट चाललेल्या गटाची बैठक कर्नाटकातली असो की महाराष्ट्रातली, तिचा क्रम साधारण सारखा असतो. देवळाच्या ओट्यावर, अंगणवाडीत नाहीतर कुणाच्या पडवीत चटई अंथरली जाते. हजेरी होते, उशिरा आलेलीला दंड. बचत जमा होते, मागच्या कर्जाचे हप्ते मोजले जातात. पेटी एकीच्या घरी, किल्ली दुसरीकडे, अशी पद्धत अनेक गट पाळतात. मग मागण्या येतात. एकीला मुलाच्या फीसाठी हवेत, दुसरीला बी-बियाण्यासाठी, तिसरीला दवाखान्यासाठी. पेटीत सगळ्यांना पुरेल एवढे नसते. इथे खरी चर्चा रंगते. दवाखाना थांबू शकत नाही; बियाण्याला अजून पंधरा दिवस आहेत; फीचे निम्मे आत्ता, निम्मे पुढच्या बैठकीत. व्याज महिना शेकडा दोन असले तरी बायका कुरकुरत नाहीत, कारण ते व्याज त्यांच्याच पेटीत पडते. सावकाराचे त्याहून जड असते आणि परत कधी येत नाही.

या चर्चेत दोन गोष्टी शिकल्या जातात. जिने आयुष्यात चार माणसांत तोंड उघडलेले नसते ती मागणी मांडायला शिकते. जिची मागणी मागे पडते ती तरीही बैठक सोडून जात नाही. कारण निर्णय समोर, कारणांसकट झालेला असतो. नियम गटाचा, दंड गटाचा आणि दंड माफ करायचा अधिकारही गटाचाच. ग्रामपंचायतीच्या पाटीवर दिसणाऱ्या लोकशाहीपेक्षा ही लोकशाही अधिक वेळा, अधिक जवळून आणि स्वतःच्या पैशांनिशी वापरली जाते.

याला वेळ लागतो. बाहेरचा पैसा येण्याआधी गटाने काही महिने आपलाच पैसा आपसात फिरवला पाहिजे, यावर मायराडाचा भर होता. माणसे जोखली जातात, हिशोब लिहायला येतो, पहिले भांडण होते आणि मिटते. या काही महिन्यांत बाहेरून पाहणाऱ्याला काहीच ‘प्रगती’ दिसत नाही. पुढे देशभर गट पसरले तेव्हा सगळ्यात आधी कात्री लागली ती याच महिन्यांना.

बँकेने सोडलेले तीन हट्ट

गटांची पेटी लहान असते. गरजा वाढल्या की बँक लागतेच. मायराडाने नाबार्डचे दार ठोठावले. १९८७ साली नाबार्डने संस्थेला दहा लाख रुपये दिले, गटांच्या प्रशिक्षणासाठी आणि त्यांच्या बचतीला जोड देण्यासाठी. आजच्या आकड्यांपुढे ही रक्कम किरकोळ वाटेल. पण ग्रामीण कर्जाच्या शिखर बँकेने नोंदणी नसलेल्या, घटना नसलेल्या, सातबारा नसलेल्या माणसांच्या घोळक्यावर पैसे लावले होते.

१९९०च्या सुमारास रिझर्व्ह बँकेनेही गटांमार्फत कर्ज देण्याची पद्धत मान्य केली. डिसेंबर १९९१मध्ये कोलार जिल्ह्यातल्या एका महिला गटाला वैश्य बँकेच्या बंगारपेट शाखेने कर्ज दिले. या जोडणीतल्या अगदी पहिल्या कर्जांत त्याची गणना होते. १९९२ साली नाबार्डने पाचशे गटांना बँकांशी जोडण्याचा प्रायोगिक कार्यक्रम हाती घेतला.

त्यासाठी बँकेला आपले तीन जुने हट्ट सोडावे लागले. पहिला हट्ट नोंदणीचा. गट कुठल्याही कायद्याखाली नोंदलेला नसला तरी चालेल, त्याच्या बैठकीचे इतिवृत्त आणि हिशोबाच्या वह्या पाहा, असे ठरले. दुसरा तारणाचा. बचत आणि परतफेडीचा इतिहास हाच भरवसा मानला गेला. तिसरा हट्ट सोडणे बँकेला सगळ्यांत जड गेले असणार: कर्ज कशासाठी हवे, हे प्रत्येक सभासदाला विचारायचे नाही. रक्कम गटाला एकरकमी द्यायची. आत कुणाला किती आणि कशासाठी, ते गट ठरवेल.

तिसऱ्या मुद्द्यावर बँकवाल्यांची शंका स्वाभाविक होती. ‘उत्पादक’ कामालाच कर्ज, हा त्यांचा धडा. गरिबाचे घर मात्र असे कप्पे करून चालत नाही. बाळंतपणासाठी सावकाराकडे शेळी गेली तर उत्पादनच गेले. मायराडाच्या गटांत सुरुवातीची कर्जे बहुतेक धान्य, औषधपाणी, जुनी देणी यांसाठीच उचलली गेली. सावकार सुटला की मग शेळी, मग एकराचा तुकडा गहाणातून सोडवणे, मग बांध, मग दुकान. एका मोठ्या कर्जाऐवजी अनेक लहान कर्जांतून, वर्षानुवर्षे, घराचा संसार उभा राहत गेला. गरीब कुटुंब एका धंद्यावर जगत नाही. थोडी शेती, थोडी मजुरी, दोन शेळ्या, सणाला फुलांची विक्री असे सगळे मिळून त्याचे पोट भरते. वरून एक म्हैस देणाऱ्या योजनेला हे दिसत नव्हते. पेटीभोवती बसलेल्या वीस जणींना ते सांगावे लागत नाही.

१९९५ साली मायराडाने ‘संघमित्रा’ ही वित्तसंस्था उभी केली. ती नफा वाटत नाही आणि कर्ज व्यक्तीला न देता गटालाच देते. बँका पुढे येत नसतील तिथे गटाला पैसा मिळावा आणि निर्णय गटाकडेच राहावा, हा तिचा हेतू.

कमलापूरचे पाणी, होसूरची घड्याळे

हेच तत्त्व पाण्याला लावून पाहिले ते कलबुर्गीत. १९८४-८५च्या सुमारास स्विस विकास संस्था, कर्नाटक सरकार आणि मायराडा यांनी मिळून तिथे पाणलोट विकासाचा प्रकल्प सुरू केला. त्याचे केंद्र कमलापूर, तांबड्या केळ्यांसाठी प्रसिद्ध असलेले. त्या केळ्याला आता भौगोलिक मानांकनही आहे.

पाणलोटात अडचण अशी की पाणी माथ्यावर अडवायचे आणि फायदा पायथ्याच्या विहिरीला. माथ्यावर बहुधा गरिबाचे मुरमाड रान असते आणि पायथ्याला बागायतदाराची काळी. सगळ्या गावाची एक मोठी समिती केली की तिचे होते तेच, जे मोठ्या सोसायटीचे झाले. म्हणून ओढ्याच्या एकेका भागातल्या शेजारी शेतकऱ्यांचे लहान क्षेत्रगट करायचे, आणि ज्यांना जमीनच नाही त्यांच्या बचत गटांनाही त्यात जागा द्यायची, ही पद्धत तिथून पुढे आली. २००१पासून कर्नाटकातल्या पाच जिल्ह्यांत जागतिक बँकेच्या मदतीने राबवलेल्या ‘सुजला’ योजनेने अशा क्षेत्रगटांचा वापर मोठ्या प्रमाणावर केला.

कलबुर्गीतल्या गावांत आणखी एक गोष्ट आकाराला आली. १९८९च्या आसपास मायराडाचे कार्यकर्ते, त्यांत जेम्स मॅस्करेनस प्रमुख, गावकऱ्यांनाच गावाचा नकाशा काढायला सांगू लागले. मोकळ्या जागेवर रांगोळी, बिया, काड्या, दगड घेऊन गाव स्वतःची शिवारे, ओढे, घरे, विहिरी मांडी. चुकीच्या ठिकाणी विहीर ठेवली की दुसरा येऊन ती सरकवी. त्याच काळात, १९८९ ते १९९१, ब्रिटिश अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स हैदराबादच्या प्रशासकीय महाविद्यालयात होते. त्यांनी हे काम जवळून पाहिले आणि जगभर पोचवले. ‘पीआरए’, म्हणजे सहभागी ग्रामीण मूल्यांकन, या तीन अक्षरांनी आज हजारो प्रशिक्षणे होतात. गावाला विचारायचे आणि गावाने आखून दाखवायचे, या साध्या गोष्टीचे इतके मोठे शास्त्र झाले. कारण तोवर विचारण्याची पद्धतच नव्हती.

मराठी वाचकाला इथे राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार आठवतील. फादर हर्मन बाखर यांनी नगर जिल्ह्यात रुजवलेला भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रमही आठवेल. राळेगणला अण्णा हजारे होते, हिवरे बाजारला पोपटराव पवार. महाराष्ट्राने अशी एकहाती नेतृत्वाची गावे पाहिली आणि त्यांचे कौतुक केले, ते योग्यही होते. कलबुर्गीतला प्रयत्न अशा नेत्याशिवाय काय उभे राहू शकते, हे तपासत होता. नेत्याशिवायचे असे गाव वर्तमानपत्रात येत नाही. पण प्रत्येक गावाला एक अण्णा मिळणार नसेल, तर बाकीच्या गावांनी काय करायचे, याचे उत्तर तिथेच शोधावे लागते.

उपजीविकेच्या बाजूने होसूरचे उदाहरण आहे. तमिळनाडूच्या सीमेत, बेंगळुरूपासून तास-दीड तासाच्या अंतरावर टायटनचा घड्याळांचा कारखाना आहे. नव्वदच्या दशकात आसपासच्या गटांतल्या स्त्रियांना टायटनसाठी घड्याळांच्या पट्ट्यांची जोडणी आणि तसलीच कामे मिळू लागली. या स्त्रियांनी पुढे ‘मीडो’ नावाची स्वतःची कंपनी नोंदवली. कारखान्याच्या दारात मजूर म्हणून उभे राहणे वेगळे आणि त्याच कारखान्याशी कंत्राटदार म्हणून बोलणे वेगळे. या बोलण्याची तालीम त्यांनी पेटीभोवतीच्या बैठकीत केली होती.

महाराष्ट्राची वाट

महाराष्ट्रात हे काम शून्यातून आले नाही. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, १९७५ सालचे. पुणे जिल्ह्यात राजगुरुनगरला डॉ. सुधा कोठारी यांच्या ‘चैतन्य’ने ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस गट सुरू केले आणि १९९३ साली त्या गटांचा संघ बांधला, गटांनी आपला संघ करून संस्थेवरचे अवलंबन कमी करण्याच्या देशातल्या सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी तो एक. नव्वदच्या दशकात आयफॅड या आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीच्या मदतीने राबवलेल्या ग्रामीण पतपुरवठा प्रकल्पातून माविमचे गट विदर्भ-मराठवाड्यात पसरले. २००७पासून माविमची ‘तेजस्विनी’ ही योजना आली. तिच्यातून उभी राहिलेली लोकसंचालित साधन केंद्रे आज साडेतीनशेच्या वर आहेत.

या केंद्रांचे नाते डोम्लूरशी जोडून पाहावे असे आहे. मायराडाने २००४च्या सुमारास कर्नाटकात ‘कम्युनिटी मॅनेज्ड रिसोर्स सेंटर’ सुरू केली. शंभरेक गट मिळून आपले केंद्र चालवतात, त्याला वर्गणी देतात, आणि लेखापरीक्षण, प्रशिक्षण, बँकेचे कागद ही कामे त्याच्याकडून करून घेतात. कार्यकर्ता पगारी, पण पगार देणाऱ्या गटांतल्या बायका. माविमची केंद्रे त्याच धाटणीची आहेत. संस्थेने गावातून निघून जायचे कसे, हा प्रश्न बहुतेक संस्था टाळतात. इथे निदान त्याची रचना तरी केली गेली.

२०११ला केंद्राचे ग्रामीण जीवनोन्नती अभियान आले. महाराष्ट्रात त्याला ‘उमेद’ म्हणतात. गट, मग ग्रामसंघ, मग प्रभागसंघ. प्रेरिका, पशुसखी, कृषीसखी, बँकसखी. गटाच्या शिस्तीच्या पंचसूत्रीची झालेली दशसूत्री. सांगलीपासून गडचिरोलीपर्यंत शेकडा दराने हिशोब करणाऱ्या आणि बँक मॅनेजरच्या खुर्चीसमोर न घाबरता बसणाऱ्या लाखो स्त्रिया या साखळीने घडवल्या, हे नाकारण्यासारखे नाही.

घाई

आता दुसरी बाजू. १९९९ला सुवर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजना आली आणि गट केला की अनुदान, असे समीकरण झाले. ग्रामसेवकाला उद्दिष्ट, बँकेला उद्दिष्ट, मार्चअखेर. गट एका दुपारी ‘झाले’, अनुदान मिळाल्यावर एका दुपारी विरले. ज्या महिन्यांत माणसे एकमेकांना जोखतात, ते महिने उद्दिष्टांच्या घाईत बसत नव्हते.

आणखी एका दिशेने आल्या खासगी सूक्ष्म वित्त कंपन्या. त्यांचा पाच-दहा जणींचा ‘ग्रुप’ बाहेरून बचत गटासारखा दिसतो. आत मात्र पेटी नसते, बचत नसते, चर्चा नसते. रक्कम कंपनी ठरवते, व्याज कंपनी घेते. बाकीच्या बायका फक्त जामीन, म्हणजे एकीचा हप्ता थकला तर तिच्या दारात बसणाऱ्या. शेजाऱ्यांचा विश्वास इथे वसुलीचे हत्यार होतो. २०१०मध्ये आंध्र प्रदेशात कर्जवसुलीच्या जाचातून आत्महत्या झाल्याच्या बातम्या आल्या आणि ऑक्टोबरात सरकारला वटहुकूम काढावा लागला. चौदा वर्षांनी, फेब्रुवारी २०२५मध्ये, कर्नाटकानेही लहान कर्जांच्या जबरी वसुलीविरुद्ध वटहुकूम काढला. ज्या राज्यात, गटाला कर्ज देताना प्रत्येकीला कारण विचारू नका, असे बँकेला पटवले गेले, त्याच राज्यात तीन-चार कंपन्यांचे हप्ते एकाच वेळी फेडणाऱ्या बायका घर सोडून जाऊ लागल्या होत्या. कर्ज मिळाले म्हणजे मदत झाली, हे समजणे किती महागात पडते, ते इथे दिसते.

गटांच्या स्वतःच्या मर्यादाही आहेत. एकमेकांना निवडायचे म्हटले की जातीच्या भिंती बहुतेकदा तशाच राहतात. सगळ्यांत गरीब, आठवड्याची बचतही न परवडणारी, गटाबाहेर पडते. मजुरीला परगावी गेलेल्या कुटुंबाची हजेरी कोण लावणार? घर, शेत, मजुरी आणि वर बैठक, असा कामाचा भारही बाईवरच. आणि अलीकडे गट म्हणजे सरकारचा तयार श्रोता झाला आहे. २०२४च्या ऑगस्टमध्ये जळगावला ‘लखपती दीदी’ मेळावा भरला. त्यासाठी गावोगावच्या बायका आणल्या गेल्या. त्यात वाईट काही नाही. पण त्या दिवशीचा अजेंडा त्यांनी ठरवलेला नव्हता, एवढे खरे.

कसोटी

लोकसहभाग हा शब्द आता प्रत्येक फलकावर असतो. त्याची पारख करायला मायराडाच्या गटांच्या चाळीस वर्षांतून मिळणारी कसोटी सोपी आहे. गटातले सभासद कुणी निवडले? कर्जाला नाही म्हणायचा अधिकार कुणाला आहे? हिशोबाची वही कुणाच्या अक्षरात आहे? नियम मोडला तर दंड कोण ठरवते? आणि संस्था किंवा अधिकारी सहा महिने आला नाही, तर बैठक होते का? यांतल्या तीन-चार प्रश्नांचे उत्तर ‘ऑफिस’ असे आले, तर तो कार्यक्रम कितीही चांगला असो, तो गावाचा नाही.

इंदिरानगरात आयटीत काम करणाऱ्या भाचीला आणि तिच्या इमारतीच्या विटा वाहणाऱ्या कलबुर्गीच्या माणसाला जोडणारा धागा या प्रश्नांतच आहे. तिच्या कंपनीत नवा कर्मचारी घेताना चार-चार मुलाखती होतात, प्रकल्पाला वर्ष मिळते, फसला तर त्यातून शिकायची मुभा मिळते. गावातल्या वीस बायकांना मात्र पहिल्या महिन्यात खाते, दुसऱ्यात निधी, तिसऱ्यात यशोगाथा द्यावी लागते. मायराडाच्या सोसायट्या मोडल्या तेव्हा संस्थेने पैसे परत घेण्याची घाई केली नाही, म्हणून गट जन्माला आले. लाखो गटांच्या आजच्या व्यवस्थेत व्याजसवलतीला तरतूद आहे, प्रशिक्षणाला आहे, मेळाव्याला आहे. माणसांनी एकमेकांना जोखावे म्हणून द्यायच्या महिन्यांना मात्र तेवढी जागा मिळत नाही. गरिबांना अनुदानाआधी तो वेळ द्यायचा, हा निर्णय घ्यायला कुठल्याही नव्या योजनेची गरज नाही. उद्दिष्टाच्या तक्त्यातली तारीख पुढे ढकलण्याचे धाडस तेवढे लागते.